शिट्टीच्या आधी

"नुसता आडवा पडला असता तरी हात रेषेला लागला असता," भगवानतात्या म्हणाले आणि सतरंजीच्या निळ्या पट्ट्यावर त्यांनी बोट टेकवलं. "ही मध्यरेषा समजा. हा जालिंदर. हितनं हितं यायचं, बास. दुसरं काय करायचं नव्हतं."

भोवती बसलेल्यांनी माना हलवल्या. कुणीतरी जीभ टाळूला लावून चुकचुकलं.

आप्पांना जाऊन तीन दिवस झाले होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते आणि आत कुणाचं लक्ष नव्हतं. ही सगळी माणसं आप्पांसाठीच आली होती. पहिली पाच मिनिटं ती आप्पांबद्दलच बोलली. मग कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले, शेजारून डबे येतायत ना, हे विचारून झालं आणि मग, गाडी उताराला लागावी तशी सगळी त्या मॅचकडे गेली. ज्या माणसासाठी ती आली त्याच्यासाठी कुणाचे डोळे भरले नव्हते. मॅचसाठी एकदोघांचे भरले.

"माझ्या अंगावर अजून काटा येतो," कराडहून आलेले एकजण बाही वर करून दाखवत म्हणाले.

"आणि मग सर म्हणाले," तात्यांनी दोन्ही हात तोंडापाशी नेऊन कर्ण्यासारखे केले, आणि तेवढ्यात त्यांना मी दिसले. हात खाली आले. "जाऊ दे. देवमाणूस होता. ये बाळ, चहा दे."

आतल्या दाराशी आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

ती मॅच झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या गावच्या कॉलेजचा संघ पहिल्यांदाच आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या अंतिम सामन्यात पोचला होता आणि सामना आमच्याच मैदानावर होता. आप्पा कॉलेजात इतिहास शिकवायचे, पण गावाला ते इतिहासासाठी माहीत नव्हते. गावाला त्यांचा आवाज माहीत होता. गणपती, निवडणुकीच्या सभा, कुस्त्या, लग्नातला आहेर, सगळीकडे माइकवर आप्पा. कबड्डीचं समालोचन तर ते असं करायचे की मैदानाला पाठ करून बसलेल्या माणसालाही खेळ दिसावा. मी त्या दिवशी अशीच होते. पुढं मोठ्या माणसांच्या पाठींची भिंत होती. मला एकही खेळाडू दिसला नाही. सगळी मॅच मी आप्पांच्या आवाजातून पाहिली.

शेवटच्या चढाईला आमचा संघ एका गुणानं पुढे होता, पण आमच्या बाजूला एकच गडी उरला होता, जालिंदर खिलारे. चढाईला गेलेला तोच. तो समोरच्या अंगणातली निदानरेषा ओलांडून परत आला असता तर कप आमचा. बाद झाला असता तर समोरच्यांना बादचा एक गुण आणि वर लोणाचे दोन. वेळ संपत आली होती. वेळ संपली तरी चालू चढाई पूर्ण व्हावी लागते, पंचांची शिट्टी झाल्याशिवाय सामना संपत नाही, हे आप्पांना माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं तेच लोकांना सांगत आले होते. पण वेळ पाहणारा अधिकारी घड्याळ हातात घेऊन उभा राहिला, जालिंदर परत फिरलेला दिसला, आणि कर्ण्यातून आप्पांचा आवाज आला, "जिंकलो."

त्यांनी ते ओरडून म्हटलं नाही. पुढं लोकांनी सांगताना त्याची आरोळी केली, पण मला नीट आठवतं, घरी पोचलेला माणूस दार उघडल्यावर म्हणतो तसं ते हळू म्हणाले, जिंकलो.

मग शिट्टी झाली. मग एवढी शांतता पसरली की मला वाटलं कर्णा बिघडला.

जालिंदरनं आप्पांचा शब्द ऐकला, जिंकलो समजून रेषेच्या अलीकडेच दम सोडला, पंचांनी त्याला बाद दिलं, आमच्यावर लोण चढला आणि एका गुणानं पुढे असलेला संघ दोन गुणांनी हरला. गावानं ते असं पाहिलं. आप्पांनीही असंच पाहिलं. मी काहीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे मीही असंच पाहिलं.

त्यानंतर आप्पांनी माइक हातात घेतला नाही. पहिल्या वर्षी लोक बोलवायला आले, ते नको म्हणाले. दुसऱ्या वर्षी कुणी आलं नाही. वर्गात मागच्या बाकावरची मुलं तास संपत आला की विचारायची, "सर, शिट्टी झाली का?" हसं पिकायचं. हळूहळू ते गावातच रुळलं. लग्नाच्या पंगतीत कुणी घाईनं पानावरून उठला की, "अरे, शिट्टी झाली का विचारा सरांना." मतमोजणी पूर्ण व्हायच्या आत गुलाल उधळला की, "सरांचं जिंकलो झालं हे." ज्यांनी मॅच पाहिली नव्हती तेही म्हणायचे. त्यात राग नसायचा. राग असता तर निदान कधीतरी संपला असता.

घरी आप्पा सकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे, आई पोळ्या करता करता ऐकायची. तेही थांबलं. मी कॉलेजला गेले, पुण्याला नोकरीला लागले, लग्न झालं, आणि या सगळ्या वर्षांत आप्पांच्या तोंडून एका वेळी चार वाक्यांपलीकडे मी काही ऐकलं नाही. पत्रं मात्र लांबलचक लिहायचे.

जालिंदरचं तसं बरं झालं. अन्याय झालेला पोरगा म्हणून गाव त्याच्यामागं उभं राहिलं. संस्थेनं त्याला शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून घेतलं. दर वर्षी स्पर्धेच्या उद्घाटनाला त्याला फेटा बांधायचे आणि समोरच्या पोरांना सांगायचे, हा तो जालिंदर. आप्पा त्या दिवशी घरीच असायचे.

नवव्या दिवशी दुपारी तो आला. बैठकीत कुणी नव्हतं. आई आत पडली होती, आणि मी मागच्या पडवीत आप्पांचे सदरे बाजूला काढत होते, दुसऱ्या दिवशी कुणाला द्यायचे ते. तो पुढच्या दारानं न येता घराला वळसा घालून मागं आला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण चालणं अजून खेळाडूचं होतं, चवड्यांवर.

"ताई, वैनी झोपल्यात का?"

"पडलीय जरा. उठवू का?"

"नको, नको. तुमच्याशीच काम होतं."

मी चटई सरकवली. तो बसला नाही. पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला.

"उद्या घाटावर तात्या मला बोलायला लावणार आहेत," तो म्हणाला. "मॅचचं. तुम्हाला म्हाईत असंल."

"माहीत नव्हतं. पण आश्चर्य नाही वाटत."

आमच्याकडे दशक्रियेला घाटावर माइक असतो. गेलेल्या माणसाच्या थोरवीप्रमाणे भाषणं होतात. आमदारापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे श्रद्धांजली वाहतात आणि मग पिंड ठेवला जातो. आप्पांच्या दशक्रियेला कर्णा लावणार हे कळलं तेव्हा मी विलासदादाला, माझ्या चुलतभावाला, नको म्हणून पाहिलं होतं. तो म्हणाला, लोकांना वाईट वाटेल.

"ताई, एक बोलू का? रागावू नका."

"बोला."

तो पायरीकडं बघत बोलला. "मला काय ऐकूच आलं न्हवतं."

"कधी?"

"त्या टायमाला. सरांचं. जिंकलो म्हणालेले. मला कायबी ऐकू आलं नाही. चढाईला गेलेल्या गड्याला काय ऐकू येत न्हाई, ताई. आपल्याच डोक्यात कबड्डी, कबड्डी चाललेलं असतं. बाहेर बाँब फुटला तरी कळत न्हाई."

माझ्या हातात एक सदरा होता. मी तो घडी करून खाली ठेवला.

"मग थांबलात कशाला?"

"थांबलो न्हाई. दम तुटला माझा." तो आता माझ्याकडं बघत होता. "नुसती रेषा ओलांडून परत यायचं होतं. मी आत गेलो. कोपऱ्यातला एक गडी मारावा वाटला. लोक नावानं बोंबलत होते, सगळ्यांच्या ध्यानात राहील असं कायतरी करावं वाटलं. गडी गावला न्हाई. परत फिरलो तवाच आवाज संपला होता. नुसते ओठ हलवत येत होतो. पंचाकडं पाठ होती म्हणून त्याला दिसलं न्हाई. समोरच्या संघातल्या एका पोरानं हात वर करून दाखवलं, मग शिट्टी झाली. सर त्याच टायमाला बोलले. लोकांना वाटलं, हे झालं म्हणून ते झालं."

मी ती मॅच किती वेळा ऐकली असेन. लोकांच्या गोष्टीत जालिंदर कधी आत गेलाच नव्हता. तो नेहमी परतच येत असे.

"चोवीस वर्षं," मी म्हणाले.

"दोनदा आलो होतो सांगायला."

"मग?"

"पहिल्यांदा मी निघायच्या आतच सर आमच्या घरी आले. दुसऱ्याच दिवशी. माझ्या बापासमोर हात जोडले त्यांनी. म्हणाले, तुमच्या मुलाचं मी नुकसान केलं. माझा बाप दुसऱ्याच्या रानात राबणारा माणूस. प्राध्यापक आपल्या उंबऱ्यात उभा राहून हात जोडतोय हे बघून त्याला रडू फुटलं. म्हणाला, बघ जालिंदर, केवढा मोठा माणूस. त्यात मी कसं बोलू?"

"आणि दुसऱ्यांदा?"

"नोकरी लागल्यावर. पेढे घेऊन आलो होतो, म्हटलं आता सांगून टाकू. सरांनी पेढा घेतला आणि आधीच म्हणाले, जालिंदर, माझ्या मनावरचं ओझं जरा हलकं झालं." तो थांबला. "आता त्यांचंच ओझं हलकं झालं म्हटल्यावर..."

"तुमचंही हलकं झालं."

आत आईनं कूस बदलल्याचा बांगड्यांचा आवाज आला आणि आम्ही दोघंही आवाज खाली आणून बोलू लागलो.

"शेवटी दवाखान्यात ते काय म्हणत होते माहितीये?" मी म्हणाले. "थांबायला हवं होतं. आईला वाटलं, गाडीसाठी म्हणतायत, की डॉक्टरसाठी. मग तिला कळलं. दोन दिवस तेवढंच म्हणत होते."

जालिंदरनं चेहऱ्यावरून पंजा फिरवला. रडत नव्हता. खेळ संपल्यावर माणूस घाम पुसतो तसा फिरवला.

"म्हणून आलो, ताई. तुम्ही म्हणाल ते करतो. वैनींचे पाय धरू का?"

"मला सांगून काय उपयोग? आईला एकटीला सांगूनही नाही. ती गप्प बसेल आणि गाव बोलत राहील." मला माझाच आवाज फार शांत वाटत होता. "उद्या घाटावर तात्या तुम्हाला माइक देतील. तिथं सांगा."

"समद्या गावासमोर?"

"गावासमोरच झालं होतं ना?"

त्यानं पायरीवरचा पाय खाली घेतला. त्याला पोरं होती, थोरल्या मुलीचं लग्न ठरत होतं, हे मला माहीत होतं. उद्यापासून शाळेतली पोरं त्याला काय म्हणतील तेही माहीत होतं. मी ते सगळं माहीत असून गप्प बसले.

"सांगतो," तो शेवटी म्हणाला. "सरांची शप्पथ."

त्या रात्री मी आईला काही सांगितलं नाही. मला वाटलं, तिनं ते पहिल्यांदा कर्ण्यातूनच ऐकावं. आप्पांचं नाव जिथून गेलं तिथूनच परत यावं.

सकाळी घाट भरला होता. नदीला पाणी बेताचं होतं. पायऱ्यांवर टोप्या आणि पदर वेगवेगळे बसले होते, आणि बाभळीला बांधलेला कर्णा नदीकडं तोंड करून होता. विलासदादा मुंडन करून ओल्या पंच्यात बसला होता, गुरुजी त्याच्याकडून पिंड करवून घेत होते, आणि माइकवर भाषणं चालली होती. आमदारांचा मुलगा बोलला, त्यानं आप्पांचं आडनाव चुकवलं. संस्थेचे सचिव बोलले. मग भगवानतात्या उठले.

तात्यांचं गावात हॉटेल. ती मॅच त्यांनी हॉटेलात हजार वेळा सांगितली असेल आणि त्या दिवशी ती त्यांनी जीव ओतून सांगितली. सर गावाचा आवाज होते म्हणाले. मग मैदान उभं केलं, कडुनिंबाखालचं सरांचं माइकचं टेबल उभं केलं, जालिंदरला रेषेपाशी आणलं. घाटावरची माणसं पुढं झुकली. "आणि सर म्हणाले," तात्या म्हणाले आणि थांबले, आणि पायऱ्यांवरून चारपाच आवाज एकदम आले, "जिंकलो." थोडं हसू झालं. मग हसणाऱ्यांना आपण कुठं बसलोय ते आठवलं. तात्या म्हणाले, "हसा. सरांवर प्रेम आहे म्हणून हसतो आपण." आणि स्वतःच टोपीनं डोळे पुसले.

मी जालिंदरकडं पाहत होते. तो पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या पायरीवर बसला होता. त्यानं पांढरी टोपी घातली होती आणि ती सारखी काढून पुन्हा घालत होता.

गुरुजींनी हात वर केला. पिंड तयार होता. भाषणं थांबली. विलासदादानं पिंड वाळूत ठेवला आणि सगळे मागं सरकले.

कावळे होते. पलीकडच्या काठावर, बाभळीवर, नावेच्या टोकावर. एकही खाली येईना.

सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. मग कुजबुज सुरू झाली. गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल तर बोला." विलासदादानं हात जोडून म्हटलं, "काका, काकूची काळजी करू नका. आम्ही आहोत." कावळा आला नाही. मावशी म्हणाली, "लेकीचं सगळं नीट होईल हो." आला नाही. सचिव म्हणाले, "सरांची पुस्तकं ग्रंथालयात सांभाळू." एक कावळा वाळूपर्यंत आला, पिंडाकडं तिरकी मान करून पाहिलं, आणि परत गेला. घाटावर हळहळ उठली.

मी पुस्तकं वाचणारी बाई आहे. कावळ्याला भूक लागते, माणसांची भीती वाटते, हे मला कळतं. पण आईनं माझा दंड धरला होता आणि तिची बोटं रुतत होती.

"अडकलंय त्यांचं," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे कुठं अडकलंय."

ऊन चढत चाललं होतं. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू आणि मोकळे होऊ." तेव्हा तात्या मोठ्यानं म्हणाले, "थांबा गुरुजी. मॅचचं राहिलंय."

पायऱ्यांवरून हुंकार आला. सगळ्यांना ते एकदम पटलं. "जालिंदर, ऊठ," तात्या म्हणाले. "तूच बोल. तुझ्याशिवाय व्हायचं न्हाई हे."

जालिंदर उठला. पायऱ्या उतरून वाळूत आला. तात्यांनी माइक त्याच्या हातात दिला आणि खांद्यावर हात ठेवून, माइकवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरांना माफ केलं म्हण. तेवढ्यासाठी जीव थांबलाय त्यांचा."

"सर," जालिंदर म्हणाला.

कर्णा खरखरला. तो थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून मान हलवली, सांगा म्हणून.

"सर, त्या दिवशी..." तो म्हणाला.

"म्हण बाबा," पायऱ्यांवरून कुणी म्हातारी म्हणाली. "एवढं मन मोठं कर."

"मोठंच आहे त्याचं मन," दुसरा म्हणाला. "पोरगं कधी एक शब्द बोललं न्हाई सरांबद्दल."

जालिंदरनं पायऱ्यांकडं पाहिलं. सगळं गाव त्याच्याकडं मायेनं बघत होतं. पुरुष, बाया, त्याच्या शाळेतली खाकी चड्डीतली पोरं, त्याची बायको. मग त्यानं पिंडाकडं पाहिलं आणि माझ्याकडं पाहायचं सोडून दिलं.

"सर, माझ्या मनात काय न्हाई," तो म्हणाला. "मी तुम्हाला कधीच माफ केलंय."

कावळा आला. नावेच्या टोकावरचा, सरळ, न थांबता, पिंडावर. चोच मारली, भात उचलला आणि उडाला. त्याच्या मागं आणखी दोन आले.

घाटावर एकच सुस्कारा उठला. लोकांनी हात जोडले. "बघितलंस?" "एवढ्यासाठीच." "शिवला, शिवला." तात्यांनी जालिंदरला मिठी मारली आणि दोघं रडू लागले. तात्या कशासाठी रडत होते ते मला माहीत होतं. जालिंदर कशासाठी, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

मी पुढं झाले. मला अजून वाटत होतं की माइक तिथंच आहे, चालू आहे, एक वाक्य पुरेल. पण माझ्या आधी आई पोचली. दहा दिवस तिला धरून उठवावं लागत होतं. ती वाळूतून एकटी चालत गेली. जालिंदरसमोर उभी राहून तिनं हात जोडले. वयानं तिच्या धाकट्या भावासारखा तो माणूस, त्याच्यापुढं ती कमरेत वाकली.

"फार उपकार झाले," आई म्हणाली. "सुटले हो ते. तुमच्यामुळं सुटले."

"वैनी, नका हो," जालिंदर म्हणाला. "वैनी, ऐका माझं..."

"काही बोलू नका. चोवीस वर्षं मी त्यांना रात्री उठून बसलेलं पाहिलंय. आता झोपतील."

तिचा चेहरा मी इतका मोकळा कधीच पाहिला नव्हता, आप्पा जिवंत असतानाही नाही. जालिंदरनं तिच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं. बोलू का, असं तो विचारत होता. आत्ता, या बाईसमोर, हिच्या तोंडावर. ते त्यानं माझ्यावर टाकलं होतं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

याला आता बरीच वर्षं झाली. आईही गेली. तिचा पिंड शिवायला वेळ लागला नाही. गावाकडं गेले की कुणी ना कुणी ती मॅच सांगतंच, आणि आता तिला घाटाचं शेपूट जोडलं गेलं आहे. गेल्या वर्षी एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोन पोरं बसली होती, एक दुसऱ्याला सांगत होता, आणि त्याच्या गोष्टीत कावळा माइकवर येऊन बसला होता. मी त्याला दुरुस्त केलं नाही. करायला गेले असते तर त्यानं विचारलं असतं, तुम्ही कोण?

आप्पांच्या तेराव्याला आईनं जालिंदरला बायकोमुलांसह आग्रहानं बोलावलं. पहिल्या पंगतीत, आमदारांच्या मुलाशेजारी त्याचा पाट मांडायला लावला. तो येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला. टोपी काढून मांडीखाली ठेवली आणि मान वर न करता बसून राहिला. मी लाडवाचं ताट घेऊन पंगतीतून फिरत होते. त्याच्यापाशी आले तेव्हा त्यानं पानावर आडवा हात धरला.

"नको, ताई," तो पानाकडं बघत म्हणाला. "खरंच नको."

आई दारात उभी राहून सगळ्यांच्या पानांवर लक्ष ठेवून होती.

"असं कसं नको?" ती तिकडून म्हणाली. "आग्रह कर गं त्यांना."

मी आग्रह केला. त्यानं हात काढून घेतला आणि मी त्याला वाढलं.